मैदान सार्वजनिक असतं, खेळणारी मुलगी नाही

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर रात्री निवांत वाचा. पण ज्यांच्या घरात शाळेकडून खेळणारी मुलगी किंवा मुलगा आहे, जे शाळेत शिकवतात, आणि जे माझ्यासारखे मोबाईल आणि ट्रायपॉड घेऊन स्पर्धांना जातात, त्यांनी जरूर वाचा.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

गेल्या वर्षी आमच्याकडे तालुकास्तरीय शालेय कबड्डी स्पर्धा झाल्या. १७ वर्षांखालील मुलींचा अंतिम सामना होता. वीसेक वर्षं मी तालुक्याच्या बातम्या करतोय. आधी दैनिकाचा वार्ताहर होतो, आता स्वतःचं छोटं पोर्टल आणि चॅनल आहे. मुलींच्या सामन्याला गावातला एकही कॅमेरा जात नाही, म्हणून मी मुद्दाम गेलो. मंडपाचा खांब आडवा येत होता म्हणून ट्रायपॉड गुडघ्याएवढा खाली घेतला आणि चढाई करणाऱ्या संघाच्या मागच्या बाजूला लावला. १ तास ४० मिनिटं लाईव्ह केलं. सामना संपल्यावर सगळ्यात चांगल्या चढाया केलेल्या मुलीची दोन मिनिटांची मुलाखत घेतली. नाव, इयत्ता, शाळा, गाव विचारलं. तेच सगळं खाली कॅप्शनमध्ये टाकलं. घरी आलो, जेवलो, झोपलो. चांगलं काम केल्याचं समाधान होतं, खोटं कशाला बोलू.

नऊ दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला.

"भाऊ, एक व्हिडिओ पाठवलाय बघा. तुमच्या चॅनलचं नाव दिसतंय त्याच्यावर."

माझ्याच लाईव्हमधले १४ सेकंद कुणीतरी कापले होते. वेग कमी केलेला, झूम केलेलं, वर गाणं लावलेलं. कोपऱ्यात माझा लोगो तसाच होता. त्यात काय दाखवलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की त्या १४ सेकंदांत कबड्डी नव्हती. खाली शेकडो कमेंट. एकाने विचारलं होतं, "कुठली आहे?" आणि दुसऱ्याने गावाचं नाव, शाळेचं नाव, इयत्ता सगळं उत्तरात दिलं होतं. ती माहिती त्याने कुठून आणली, हे मला शोधावं लागलं नाही. माझ्या कॅप्शनमधूनच उचलली होती. स्पेलिंगची चूकसुद्धा माझीच होती.

वडील चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते चिडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "हे काढता येईल का? पोरगी दोन दिवस शाळेत गेली नाही."

मी रिपोर्ट केलं. मित्रांना करायला लावलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की या व्हिडिओत प्लॅटफॉर्मच्या नियमांचं उल्लंघन आढळत नाही. शेवटी एका ओळखीच्या मुलाने सुचवलं की मूळ शूटिंग तुमचं आहे, तर कॉपीराइटची तक्रार करा. ती केली आणि व्हिडिओ उतरला. म्हणजे बघा, एका अल्पवयीन मुलीची अब्रू म्हणून तो व्हिडिओ हटला नाही, माझी मालमत्ता म्हणून हटला. तोपर्यंत त्याच्या आणखी दोन प्रती फिरत होत्या. त्या काढायला अजून आठवडा गेला. व्हॉट्सॲपवर किती फिरल्या याचा हिशोब कुणाकडेच नाही.

जिल्हास्तरावर त्या शाळेचा संघ गेला, ती गेली नाही. पहिल्याच फेरीत संघ हरला.

हे लिहायच्या आधी मी तिला आणि तिच्या वडिलांना विचारलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती कोण, कुठली, याचा शोध कमेंटमध्ये घेऊ नका. घेतलात तर ती कमेंट काढीन आणि तुम्हाला ब्लॉक करीन, मग तुम्ही कितीही जुने मित्र असा.

मी तेव्हा स्वतःची समजूत घातली ती अशी: मैदान सार्वजनिक आहे, स्पर्धा सरकारी आहे, प्रेक्षकांना खुली आहे. तिथे पाचशे लोकांनी जे डोळ्यांनी पाहिलं तेच मी कॅमेऱ्याने दाखवलं. यात माझं काय चुकलं?

मग वकील मित्राकडे जाऊन बसलो आणि स्वतःही कायदे वाचले. डिप्लोमाला असताना प्रेस लॉचा पेपर होता, त्यात आम्ही अब्रूनुकसानी आणि न्यायालयाचा अवमान एवढंच घोकलं होतं. मोबाईल तेव्हा कुणाच्या खिशात नव्हता. आता जे कळलं ते साध्या भाषेत सांगतो, कारण यावर लोकांच्या डोक्यात बराच गोंधळ आहे.

पहिली गोष्ट. खुल्या मैदानावर चाललेल्या स्पर्धेत अल्पवयीन खेळाडूंचं चित्रीकरण करू नये, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. "मुलींचा व्हिडिओ काढला म्हणजे पॉक्सो लागतो" असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. तसं नाही. पॉक्सोचं कलम २३ माध्यमांसाठी आहे, पण ते अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करण्याबद्दल आहे. नाव, पत्ता, फोटो, शाळा, कुटुंब, शेजार, काहीही छापायचं नाही. छापलं तर किमान सहा महिने आणि कमाल एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ सुद्धा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या, पीडित किंवा साक्षीदार मुलांची ओळख झाकतं. कबड्डी जिंकलेली मुलगी यातल्या कशातच बसत नाही. बसूही नये, तिने काय लपावं असं केलंय?

दुसरी गोष्ट. काही ठिकाणी कायदा स्पष्ट आहे आणि कडक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई: कुणाच्याही शरीराचा खासगी भाग, उघडा किंवा नुसत्या अंतर्वस्त्रातला, संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि यात कायद्याने एक महत्त्वाची गोष्ट लिहून ठेवली आहे: ती व्यक्ती सार्वजनिक जागी होती की खासगी, याने फरक पडत नाही. मुली कपडे बदलत असताना चोरून शूटिंग केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं. मुलांना अश्लील किंवा असभ्य रीतीने दाखवणारी चित्रं तयार करणं, गोळा करणं, पसरवणं यासाठी कलम ६७-बी आहे. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. लैंगिक हेतूने एखाद्या बालकावर सतत नजर ठेवणं, पाठलाग करणं, मग ते मोबाईलवरून का असेना, पॉक्सोच्या कलम ११ मध्ये येतं. यातली बालक म्हणजे १८ वर्षांखालची कुणीही व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी.

तिसरी गोष्ट, आणि खरी अडचण इथेच आहे. त्या १४ सेकंदांत मुलगी पूर्ण गणवेशात होती. टी-शर्ट आणि हाफ पॅन्ट, जी शाळेने दिली, पंचांनी तपासली, पाचशे लोकांनी पाहिली. ६६-ई त्यात बसवणं कठीण. ६७-बी लावायचं तर "असभ्य रीतीने" या शब्दांवर वाद घालावा लागेल. वकील मित्र म्हणाला, "माझ्या मते बसतं, पण तक्रार लिहून घेणारा पहिल्यांदा विचारणार की यात अंगावर कपडे आहेत ना?" वडिलांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पोरीला चौकीवर नेऊन तो व्हिडिओ चार लोकांसमोर परत लावायचा?" त्यांनी तक्रार केली नाही. मीही फार आग्रह धरला नाही. ते बरोबर होतं का, अजून माहीत नाही.

ही अडचण फक्त आपलीच नाही. जपानमध्ये महिला खेळाडूंनी याच प्रकाराविरुद्ध आवाज उठवला. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या ऑलिम्पिक समितीने आणि इतर क्रीडा संघटनांनी एकत्र येऊन जाहीर भूमिका घेतली. २०२३ मध्ये तिथे चोरून लैंगिक चित्रीकरण करण्याविरुद्ध खास कायदा झाला. तरी गणवेशातल्या खेळाडूचं तसल्या नजरेने केलेलं शूटिंग त्या कायद्यातून बाहेरच राहिलं. कारण कायद्याला कपडे दिसतात, झूम दिसतो, पण कॅमेऱ्यामागचा हेतू पुराव्यानिशी दाखवणं अवघड. तिकडेही मग मैदानावर नियम करणं हे आयोजकांवरच आलं.

चौथी गोष्ट. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्या निकालातलं एक तत्त्व आम्हा पत्रकारांनी भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे: खासगीपणा जागेला नाही, माणसाला चिकटलेला असतो. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून तो गळून पडत नाही. माझी "मैदान सार्वजनिक आहे" ही समजूत तिथेच संपली. मैदान सार्वजनिक असतं. त्यावर खेळणारी नववीतली मुलगी सार्वजनिक मालमत्ता होत नाही.

आणि पाचवी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं कलम ९ सांगतं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होतेय. घरगुती, वैयक्तिक वापराला या कायद्यात सूट आहे. म्हणजे बापाने आपल्या पोरीचा सामना टिपून आजीला पाठवला तर त्याचा प्रश्न नाही. पण मी? माझ्या चॅनलवर जाहिराती येतात, थोडे का होईना पैसे येतात. मी काही घरगुती नाही. पत्रकारितेला या कायद्यात वेगळी सूट नाही, आणि त्यावर एडिटर्स गिल्डने आक्षेपही घेतला आहे. तो आक्षेप मला मान्य आहे, कारण उद्या भ्रष्टाचाराची बातमी अडवायलाही हाच कायदा पुढे केला जाईल. पण म्हणून शाळकरी मुलीचं गाव कॅप्शनमध्ये टाकणं हे माझं पत्रकारितेचं स्वातंत्र्य होतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

हा झाला कायदा. आता गावात काय झालं ते ऐका.

त्या प्रकारानंतर शाळेत बैठक झाली. मीही होतो, मान खाली घालून. एक जण म्हणाले, मुलींना फुल ट्रॅक पॅन्ट घालून खेळवा. दुसरे म्हणाले, मुलींच्या सामन्याला पुरुष प्रेक्षकच नकोत. तिसरे म्हणाले, मोबाईल आणि मीडिया पूर्ण बंद. आणि मागच्या बाकावरून एक आवाज आला, "दहावीच्या वर्षाला खेळायचंच कशाला?" बघता बघता चर्चा व्हिडिओ कापणाऱ्यावरून मुलीच्या हाफ पॅन्टवर आली होती. त्या नराधमाचं नाव कुणाला माहीत नव्हतं, म्हणून जिचं माहीत होतं तिच्यावरच सगळे नियम लावणं चाललं होतं.

कॅमेरे पूर्ण बंद करायलाही माझा विरोध आहे. हे मी चॅनल वाचवायला बोलत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिला आणि पुरुष, दोन्हीत भारत जिंकला. महिला संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आमच्या शाळेच्या ग्राउंडवर त्यानंतर खो-खो खेळणाऱ्या मुली वाढल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कॅमेरा नसता तर त्यांना ती दिसली असती का? सावरपाड्यासारख्या पाड्यावरची कविता राऊत महाराष्ट्राच्या घराघरात पोचली ती बातमीनेच. मुलींचं कौतुक कुणी टिपायचंच नाही असं ठरवलं, तर त्यांचा खेळ पुन्हा चार भिंतींत जाईल. ज्यांना तो तिथेच हवा आहे त्यांचं आयतंच फावेल.

शिवाय कॅमेरा कधीकधी मुलांच्या बाजूनेही उभा असतो. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत हरलेल्या १४ वर्षांखालच्या मुलाला त्याच्या प्रशिक्षकाने सगळ्यांसमोर कानफटात मारली. एका पालकाने ते टिपलं होतं म्हणून त्याला जाब विचारता आला. पण तोच व्हिडिओ मुलाच्या रडक्या चेहऱ्यासकट ग्रुपवर फिरला, आणि वर्षभर त्या पोराला शाळेत त्यावरून चिडवलं. मुलीचाच प्रश्न आहे असं समजू नका. मारणाऱ्याचा हात दाखवायचा होता, मुलाचा चेहरा झाकायला दोन मिनिटं लागली असती. हा फरक आम्हाला कळत नाही असं नाही. घाईत आम्ही करत नाही.

मग मी एक गोष्ट केली जी बैठकीत कुणी केली नव्हती. पीटीच्या मॅडमना घेऊन मुलींनाच विचारलं. आधी कुणी बोलेना. मग एक म्हणाली, "सर, व्हिडिओ पाहिजेच आम्हाला. माझी पकड कुठे सुटते ते त्यातच दिसतं." दुसरी म्हणाली, "पण मागून नका काढू. आणि वॉर्मअपचं नका काढू." तिसरी म्हणाली, "कमेंट बंद ठेवा ना." एकीने सांगितलं की सामन्याआधी त्या एका वर्गात कपडे बदलतात, त्याच्या खिडकीची काच फुटलेली आहे, आणि दोघी ओढणी धरून उभ्या राहतात तेव्हा बाकीच्या बदलतात. वीस वर्षं मी त्या शाळेत कार्यक्रमांना जातोय. ती खिडकी मी कधी पाहिली नव्हती.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना नेमकं काय हवं आणि काय नको ते दहा मिनिटांत सांगता आलं. पालकांची सही कागदावर लागतेच, लागायलाही हवी. पण ज्याचं शरीर कॅमेऱ्यासमोर असतं त्यालाही विचारायला हवं. पालक "हो" म्हणाले आणि मुलगी "नको" म्हणाली, तर माझ्या हिशोबी उत्तर "नको".

नावाचा मुद्दा मात्र वाटतो तेवढा सोपा नाही. ब्रिटनमध्ये मुलांच्या खेळासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात फोटोसोबत मुलाचं पूर्ण नाव देऊ नये, असं सांगतात. ऐकायला बरोबर वाटतं. पण आमच्याकडे मुलीचं नाव पेपरात येणं ही केवढी गोष्ट असते, ते तालुक्याच्या वार्ताहराला विचारा. आजोबा कात्रण काढून देव्हाऱ्याशेजारी लावतात. त्या मुलींनीही सांगितलं, नाव पाहिजे. म्हणून मी मधला मार्ग काढलाय. निकालाच्या बातमीत नाव आणि शाळा देतो. व्हिडिओवर, कॅप्शनमध्ये नाव देत नाही. गाव, इयत्ता, घरची माहिती कुठेच देत नाही. तिच्यापर्यंत अनोळखी माणसाला पोचवेल असं काहीही चित्रासोबत जाऊ द्यायचं नाही.

आता मी काय करतो ते सांगतो. फुशारकी नाही, उशिरा आलेली अक्कल आहे.

कॅमेरा खेळाडूच्या डोळ्यांच्या उंचीला किंवा त्याहून वर, मैदानाच्या बाजूला किंवा समोर. मागून नाही, जमिनीलगत नाही. पूर्ण मैदान दिसेल अशी चौकट ठेवायची, एका मुलीवर झूम नाही. वॉर्मअप, स्ट्रेचिंग, पाणी पिणं, दुखापत, रडणं, कपडे नीट करणं, यातलं काही टिपायचं नाही. मुलांच्या सामन्याचं लाईव्ह करत नाही, कारण लाईव्हमध्ये चुकलेलं परत घेता येत नाही. घरी येऊन बघतो, कापतो, मग टाकतो. कमेंट बंद. यामुळे व्ह्यूज निम्म्यावर आले. येऊ देत.

आयोजकांकडे आणि शाळांकडे चार मागण्या आहेत. यातल्या पहिल्या तीनला खर्च जवळजवळ शून्य आहे.

एक, जो कुणी ट्रायपॉड, मोठा कॅमेरा किंवा ड्रोन घेऊन येईल त्याची वहीत नोंद करा. नाव, मोबाईल नंबर, कशासाठी शूटिंग. गळ्यात ओळखपत्र द्या. मैदान खुलं असलं तरी स्पर्धा तुमची आहे, तिच्या अटी तुम्ही घालू शकता.

दोन, माईकवरून दर तासाला सांगा. पाहुण्यांच्या सत्काराला अर्धा तास जातो, यासाठी अर्धं मिनिट काढा. "आपल्या मुलांचे फोटो काढा, दुसऱ्यांच्या मुलांचे विचारल्याशिवाय टाकू नका" एवढं पुरे.

तीन, एक शिक्षिका आणि एक शिक्षक यांच्याकडे ही जबाबदारी द्या आणि मुलांना त्यांची नावं सांगा. कुणी विचित्र शूटिंग करताना दिसलं तर सांगायचं कुणाला, हे त्यांना माहीत हवं.

चार, ती खिडकी दुरुस्त करा. कपडे बदलायला बंद होणारं दार आणि धड खिडकी असलेली खोली द्या. नसेल तर स्पर्धा घेऊ नका.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी धोरण करण्याची तरतूद आली आहे. चांगलंच आहे. पण ते राष्ट्रीय महासंघांच्या पातळीवरचं. तिथून आमच्या तालुक्याच्या फक्कीने आखलेल्या मैदानापर्यंत ते कधी झिरपेल, याची वाट पाहत बसायची गरज नाही.

"प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, किती जणांना अडवणार?" हा प्रश्न मला हमखास विचारतात. सगळ्यांना नाही अडवता येणार, मान्य. पण पूर्वी मैदानाजवळ दारू पिऊन कुणी आलं तर चार माणसं उठून त्याला बाहेर काढायची. त्यासाठी कुणी कलम शोधत नव्हतं. शूटिंगबाबत आज तसं कुणी उठत नाही, कारण यात काही चुकीचं आहे हेच आपण ठरवलेलं नाही. एकदा ठरलं की शेजारी बसलेलाच म्हणेल, "काय रे, कुणाची पोरगी आहे? कशाला काढतोस?"

आणि व्हिडिओ पसरलाच, तर पालकांनी घाबरून मुलीचा खेळ बंद करू नका. लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, पण पुढे कुणाला पाठवू नका, "बघा काय चाललंय" म्हणूनसुद्धा नाही. चाइल्डलाईनचा नंबर १०९८ आहे. केंद्राच्या सायबर क्राईम पोर्टलवर महिला आणि बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. मूळ शूटिंग ज्याचं आहे त्याला गाठा आणि कॉपीराइटची तक्रार करायला लावा. त्याने टाळाटाळ केली तर मला सांगा, मी येतो सोबत.

गेल्या महिन्यात बाजारात तिचे वडील भेटले. चहा घेतला. मी विचारलं, खेळते का? म्हणाले, "पळते आता. पहाटे, अंधार असतो तेव्हा. मी सायकलवर मागे असतो. कबड्डीचं नाव काढलं की गप्प बसते."

उजेडात खेळणारी मुलगी अंधारात पळायला लागली. यात माझाही वाटा आहे.

यंदाच्या तालुका स्पर्धा जवळ आल्यात. वरच्या चार मागण्यांचं पत्र मी आयोजकांना दिलंय. वही आणि घोषणा यांना होकार आलाय. खिडकीसाठी निधी नाही म्हणतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी सांगा, एका काचेची आणि दोन पडद्यांची वर्गणी आपण इथेच काढू.

पोस्ट शेअर करायची तर खुशाल करा. सोबत फोटो टाकलेला नाही, तो मुद्दामच. तुम्हीही टाकू नका.